घरची वही आणि सावकाराची वही



रात्रीच्या वर्गात आपण आता अक्षरे लिहू लागलो. आकडे मांडू लागलो. आधी पोस्टात किंवा बँकेत गेले की शाईचा डबा पुढे यायचा. आपण अंगठा पुढे करायचो. कागदावर काय लिहिले आहे हे दुसऱ्याने सांगायचे आणि आपण मान हलवायची. आता अंगठ्याच्या जागी सही आली. ही काही लहान गोष्ट नाही.

पण सही आली म्हणजे जबाबदारीही आली. आज आम्ही त्या जबाबदारीविषयी बोलणार आहोत. विषय आहे कर्जाचा.

कर्जाचे नाव काढले की माणूस खाली बघतो. कुणी पान लावू लागतो, कुणी उठून बाहेर जातो. तसे करू नका. कर्ज काढले म्हणून कुणी वाईट ठरत नाही. पाऊस पडत नाही, बैल मरतो, घरात कुणी आजारी पडते, पिकाला भाव येत नाही. अशा वेळी माणूस काय करील? आम्ही इथे कुणाला नावे ठेवायला आलो नाही. कर्ज कसे वाढते आणि ते आपल्या हातात कसे ठेवायचे, एवढेच बघायचे आहे.

सुप्याची गोष्ट

आधी एक जुनी, पण खरी गोष्ट सांगतो.

पुणे जिल्ह्यात सुपे नावाचे गाव आहे. आज ते बारामती तालुक्यात येते. तिथे मोठा बाजार भरत असे. 12 मे 1875 रोजी, बाजाराच्या त्या गावात आजूबाजूचे शेतकरी जमले आणि सावकारांच्या घरांवर, दुकानांवर गेले. त्यांनी मागितले काय? सोने-नाणे नव्हे, तर वह्या आणि कर्जखते. ती मिळाली की भर रस्त्यात जाळली. पुढे पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांत असेच झाले. ज्या सावकाराने कागद मुकाट्याने दिले, त्याच्या अंगाला बहुतेक ठिकाणी कुणी हात लावला नाही.

लोक एवढे का चिडले होते? 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत आपापसांत लढाई चालू होती. तिकडचा कापूस विलायतेला जाईना. म्हणून आपल्या कापसाला फार चांगला भाव आला. शेतकऱ्याच्या हातात पैसा खेळू लागला. सावकारही सढळ हाताने कर्ज देऊ लागले. पुढे लढाई संपली, भाव कोसळला. त्यातच सरकारने शेतसारा वाढवला. उत्पन्न घटले, पण कर्जावरचे व्याज काही थांबले नाही. सावकाराच्या वहीत काय लिहिले आहे हे शेतकऱ्याला वाचता येत नव्हते. शंभर घेतले की दोनशे लिहिले, भरलेले पैसे जमेला धरले की नाही, कळायला मार्ग नव्हता. जमिनी मात्र जाऊ लागल्या. मग जो कागद वाचता येत नव्हता, तो लोकांनी जाळून टाकला.

कागद जाळून प्रश्न सुटला नाही. पुष्कळ लोक तुरुंगात गेले. सरकारने चौकशीसाठी मंडळ नेमले. आता नीट ऐका. तोपर्यंत मोठमोठे लोक म्हणत असत, की शेतकरी लग्नात उधळपट्टी करतो म्हणून बुडतो. चौकशी मंडळाला वेगळेच दिसले. लग्नाचे कर्ज कधीतरी होते. पण घरी खायला धान्य, पेरायला बी, बैल, सरकारचा सारा, यांसाठी पुन्हा पुन्हा काढलेली लहान लहान कर्जेच एकावर एक चढून मोठा डोंगर झाला होता.

पुढे 1879 साली दक्षिणेतल्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. शेतकऱ्याचे कर्जखत गावच्या सरकारी नोंदणी अधिकाऱ्यासमोर लिहावे, सावकाराने पावती द्यावी, हिशेब दाखवावा, असे त्यात आले. म्हणजे सरकारलाही पटले, की दुखण्याचे मूळ पुष्कळसे न वाचलेल्या कागदात आणि न समजलेल्या हिशेबात आहे.

या गोष्टीतून आम्ही दोन गोष्टी घेतो. पहिली, लहान उधारीला लहान समजू नये. दुसरी, सावकाराच्या वहीसमोर आपली स्वतःची वही पाहिजे.

लहान उधारी

आता आपल्या गावात या. तुम्ही म्हणाल, "आमच्यावर कसलं कर्ज? दुकानात थोडी उधारी आहे, एवढंच."

बरे, ती किती आहे, सांगा बघू. आकडा सांगता येतो का? बहुतेकांना येत नाही. तो आकडा दुकानदाराच्या वहीत असतो.

समजा, आठवड्याला 200 रुपयांचा माल उधारीने येतो. चहा-साखर, तंबाखू, पोरांचा खाऊ. 200 रुपये म्हणजे फार वाटत नाहीत. पण वर्षाचे आठवडे 52. पाटीवर गुणाकार करा. 10,400 रुपये झाले. हा आकडा सुगीला दुकानदार सांगतो, तेव्हा आपण म्हणतो, "एवढे कसे झाले हो?"

दुसरे बघा. पिकावर फवारायचे औषध. समजा रोखीने ते 600 रुपयांना मिळते. उधारीने घेतले तर चार महिन्यांनी 700 द्यायचे. दुकानदार व्याज हा शब्दही काढत नाही. आपल्यालाही वाटते, शंभराने काय होते? पण 600 रुपयांवर चार महिन्यांत 100 रुपये म्हणजे महिन्याला 25 रुपये. हा शेकडा चारच्या वर दर झाला. वर्षाचा हिशेब केला तर 50 टक्के व्याज!

ऊसतोडीला जाणाऱ्यांनी मुकादमाकडून घेतलेली उचल हेसुद्धा कर्जच. फोन हप्त्याने आणला तर तेही कर्ज. शेजाऱ्याकडून हातउसने घेतले, भिशीतून आधी उचलले, तेही कर्ज. जे परत द्यायचे आहे ते सगळे कर्ज, मग त्याला नाव काहीही असो.

व्याज मोजायला शिका

सावकार म्हणतो, "शेकडा तीन." ऐकायला किती गोड! पण हे तीन वर्षाचे की महिन्याचे? बँक आणि सोसायटी दर सांगतात तो वर्षाचा. सावकार सांगतो तो महिन्याचा. म्हणून सावकाराच्या दराला आधी बाराने गुणायचे आणि मग बोलायचे.

फळ्यावर लिहून घेऊ. 10,000 रुपये एका वर्षासाठी घेतले, तर व्याज किती?

सोसायटीचे पीक कर्ज, वर्षाला 7 टक्के : 700 रुपये.
तेच कर्ज वेळेत फेडले आणि 3 टक्के सूट मिळाली तर : 400 रुपये.
वर्षाला 12 टक्के दराचे कर्ज : 1,200 रुपये.
महिना शेकडा 3 : 3,600 रुपये.
महिना शेकडा 5 : 6,000 रुपये.
महिना शेकडा 10 : 12,000 रुपये.

शेवटची ओळ पुन्हा वाचा. घेतले दहा हजार, आणि एका वर्षाचे नुसते व्याजच बारा हजार. मुद्दल अजून जसेच्या तसे उभे आहे.

आता व्याज थकले तर काय होते ते बघा. 10,000 रुपये महिना शेकडा तीनने घेतले. वर्षभरात काहीच दिले नाही. वर्षाअखेर सावकार म्हणाला, "काळजी करू नका, नवा कागद करू." नवा कागद झाला 13,600 चा. दुसऱ्या वर्षी पाऊस नाही. कागद झाला 18,496 चा. तिसऱ्या वर्षी तो झाला 25,154 रुपयांचा. हातात आले होते दहा हजार. त्यानंतर एक पैसाही आला नाही, तरी कागद अडीच पटीच्या वर गेला.

हप्त्याच्या कर्जातही एक खोच असते. कुणी म्हणाला, "दहा हजार घ्या, बारा टक्के व्याज, बारा हप्ते." व्याज 1,200 धरून 11,200 चे बारा भाग केले. दिसायला हे बँकेसारखेच दिसते. पण विचार करा. आपण दर महिन्याला थोडे मुद्दल परत करत जातो. सहा महिन्यांनी निम्मेच पैसे आपल्याकडे उरतात. व्याज मात्र वर्षभर पुऱ्या दहा हजारांवर घेतले. हिशेब केला तर हा दर बारा नव्हे, एकवीस टक्क्यांच्याही वर जातो. म्हणून विचारायचे, "व्याज उरलेल्या रकमेवर की सगळ्या रकमेवर?" हा प्रश्न पाठच करून ठेवा.

आपल्या घरचे 800 रुपये

आता घरची वही उघडू. शाळकरी मुलाची एक वही पुरे. डाव्या पानावर आलेले पैसे, उजव्या पानावर गेलेले पैसे.

उदाहरणाला एक घर धरू. नवरा, बायको, दोन मुले आणि म्हातारी आई. तीन एकर कोरडवाहू रान. बी-खताचा खर्च जाऊन शेतातून वर्षाला 60,000 रुपये उरतात. दोघांची मजुरी 48,000. शेळ्या-कोंबड्यांचे 12,000. एकूण 1,20,000 रुपये. म्हणजे महिन्याला 10,000.

आता खर्च. किराणा, दळण, तेल यांचे 4,000. भाजी आणि दूध 1,000. औषधपाणी 600. मुलांच्या शाळेचे 700. वीज, गॅस आणि फोन 900. कपडालत्ता 500. येणे-जाणे, पाहुणारावळा 600. तंबाखू आणि हॉटेलचा चहा 900. बेरीज करा. 9,200 रुपये झाले.

10,000 मधून 9,200 गेले. उरले 800.

मंडळी, हे 800 रुपये म्हणजे या घराचे अंथरूण. 'अंथरूण पाहून पाय पसरावे' असे आपण लहानपणापासून ऐकतो. पण अंथरूण किती हात लांब आहे हे मोजले कुणी? वही लिहिली म्हणजे ते मोजता येते. या घराला महिना 800 च्या आत जेवढे बसेल तेवढेच कर्ज पेलेल. त्याच्या वर एक रुपया गेला तर तो पोटातून तरी काढावा लागेल, नाहीतर दुसऱ्या कर्जातून.

तुमच्या घरचा आकडा वेगळा असेल. कुणाचा 2,000 येईल, कुणाचा 200. कुणाचा शून्याच्या खाली जाईल. खाली गेला तरी लिहा. डोळे मिटून चालण्यापेक्षा खड्डा कुठे आहे ते दिसलेले बरे.

लेकीचे लग्न

आता या घरात लेकीचे लग्न निघाले. चार लोक म्हणाले, "थाटात करा. पहिलंच कार्य आहे. लोक काय म्हणतील?" मांडव, बँड, आहेर, हजार माणसांचे जेवण. घरात पैसा नाही. सावकाराकडून एक लाख रुपये घेतले, महिना शेकडा तीनने.

व्याज किती? महिन्याला 3,000 रुपये.

घरात उरतात किती? 800.

तूट किती? 2,200 रुपये. तीही दर महिन्याला. वर्षाची 26,400. ही तूट कुठून भरायची? आधी शेळ्या जातात. मग बायकोच्या गळ्यातले मणी-डोरले गहाण पडते. मग मुलाची शाळा सुटते आणि तो मजुरीला जातो. मग दुसरे कर्ज येते. शेवटी सावकार म्हणतो, "रानाचा कागद करून द्या." लग्नाचे जेवण एका दुपारी संपले. जेवून गेलेल्यांतला एकही माणूस हप्ता भरायला येत नाही.

कुणी म्हणेल, "आम्ही बँकेकडून घेऊ, कमी व्याजाने." ठीक. वर्षाला 12 टक्क्यांनी एक लाखाचे व्याज महिन्याला 1,000 झाले. घरात उरतात 800. नुसते व्याजही पेलत नाही, मग मुद्दल कधी फेडणार? म्हणजे या घराला एक लाखाचे कर्ज कुणाकडूनही झेपणारे नाही. हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. घरची वही ते सांगते.

मग लेकीचे लग्न करायचे नाही का? करायचे, आनंदाने करायचे. महिन्याचे 800 रुपये पाच वर्षे पोस्टात किंवा बँकेत टाकले तर 48,000 होतात. वर व्याज मिळेल ते वेगळे. तेवढ्यात घरच्या माणसांत, दारातल्या मांडवात लग्न होते. सामुदायिक लग्नात होते. नोंदणी करूनही होते.

साधे लग्न म्हणजे काही कमीपणा नाही. जोतीराव फुल्यांनी 1873 साली पुण्यात सत्यशोधक समाज काढला आणि कमी खर्चाच्या साध्या लग्नांची वाट दाखवली. पुढे 1883 साली त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' हे पुस्तक लिहिले आणि शेतकऱ्याच्या दैन्याची कारणे मांडली. गाडगेबाबा तर हातात खराटा घेऊन गावोगाव हिंडले. दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनात सांगायचे, की कर्ज काढून सण करू नका, पोरांना शाळेत घाला. 20 डिसेंबर 1956 रोजी बाबा गेले. पण त्यांचे सांगणे आजही आपल्याला लागू आहे. एवढी मोठी माणसे जे सांगून गेली ते करताना आपण लाजायचे कशाला?

कर्ज काढावेच लागले तर

कर्ज कधीच काढू नका, असे आम्ही म्हणणार नाही. पेरणीला बी-खत लागते. म्हैस घेतली तर दूध येते. विहिरीला पाणी लागले तर दुसरे पीक निघते. असे कर्ज आपल्याबरोबर थोडी कमाईही आणते. तरी आधी वहीत मांडून बघा. म्हैस दोन महिने आटली तर हप्ता कुठून देणार? पाऊस लांबला तर? त्याचे उत्तर सापडले तर पुढे जा.

पहिल्यांदा गावच्या विविध कार्यकारी सोसायटीत जा, बँकेत जा. गावोगाव अशा पतसंस्था निघाव्यात म्हणून 1904 साली कायदा झाला, तो आपल्याला सावकाराच्या दारी जावे लागू नये म्हणूनच. अल्प मुदतीच्या पीक कर्जाला 3 लाखांपर्यंत वर्षाला 7 टक्के दर आहे आणि वेळेत फेडणाऱ्याला त्यात 3 टक्के सूट मिळते. राज्य सरकारचीही सवलत असते. नियम अधूनमधून बदलतात, म्हणून सोसायटीच्या सचिवाला विचारून घ्या. पण फेडीची तारीख वहीत ठळक लिहून ठेवा. तारीख चुकली की सूट गेली.

बायांनी बचत गटात जावे. गटात अडीनडीला पैसे मिळतात आणि व्याज गटाच्याच पेटीत राहते. मात्र बाहेरच्या कंपनीचे कर्ज गटाच्या नावाने घ्यायचे असेल, तर ते प्रत्येकीने आपल्या घरच्या वहीत बसते का ते बघावे. एकीचे पैसे दुसरीला वापरायला देऊ नयेत. लहान कर्जांबाबत रिझर्व्ह बँकेने 2022 साली नियम केला. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होऊ नयेत, असा तो नियम आहे. पण आपल्या उदाहरणातले घर आठवा. त्याच्या उत्पन्नाचे निम्मे म्हणजे 5,000. हाती उरतात मात्र 800. नियमाने कर्ज मिळेल, म्हणून ते पेलेलच असे नाही. आपली मर्यादा आपली वही ठरवते.

आता फोनवरही कर्ज मिळते. दोन मिनिटांत पैसे, कागद नाही, जामीन नाही. सावध राहा. यात काही लबाड लोकही असतात. ते आपल्या फोनमधले नंबर आणि फोटो काढून घेतात. मग पैशासाठी नातेवाइकांना फोन करून बदनामी करतात. कर्ज देणारी बँक किंवा कंपनी कोणती, हे नाव कळल्याशिवाय फोनवर कुठेही बोट टेकवू नका. ते बोट टेकवणे म्हणजे जुना अंगठाच आहे.

सही करण्याआधी

सही करण्याआधी कागद वाचा. सगळा कागद समजला नाही तरी चार गोष्टी शोधा. हातात किती पैसे पडणार? वर्षाचा व्याजदर किती? हप्ता किती आणि असे किती हप्ते? शेवटी एकूण किती परत द्यायचे?

बँकेने आणि कर्ज देणाऱ्या कंपनीने या गोष्टी एका वेगळ्या कागदावर, कर्जदाराला समजेल अशा भाषेत लिहून द्याव्यात, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. 1 ऑक्टोबर 2024 पासून दिलेल्या घरगुती आणि लहान धंद्याच्या हप्त्यांच्या कर्जांना तो लागू आहे. तो कागद मागून घ्या. "मराठीत द्या" असे सांगा. मागायला भिऊ नका. घरी आणून वाचा, वर्गात आणा. आपण मिळून वाचू.

कोऱ्या कागदावर सही करू नका. कोरा धनादेश देऊ नका. कर्जाला तारण म्हणून जमिनीचे खरेदीखत कधीही करून देऊ नका. सावकार म्हणेल, "नुसतं नावाला आहे, पैसे दिले की परत करू." पण खरेदीखत म्हणजे विक्री. कागदावर लिहिले तेच कोर्ट आधी बघते. भरलेल्या प्रत्येक रुपयाची पावती घ्या आणि त्याच दिवशी आपल्या वहीत तारखेसह लिहा.

सावकारीचाही कायदा आहे. महाराष्ट्रात तो 2014 साली नव्याने झाला. परवान्याशिवाय सावकारी करणे हा गुन्हा आहे. त्याला पाच वर्षांपर्यंत तुरुंग होऊ शकतो. 2014 साली सरकारने परवान्याच्या सावकाराला दर ठरवून दिले. शेतकऱ्याला तारणावर वर्षाला 9 टक्के आणि बिनतारण 12 टक्के. इतरांना तारणावर 15 आणि बिनतारण 18. हे दर वर्षाचे आहेत, महिन्याचे नव्हेत. मुद्दलाहून जास्त व्याज सावकाराला घेता येत नाही. म्हणजे दामदुपटीच्या वर काहीच नाही. सावकारीत अशी जमीन कुणी लाटली असेल, तर सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो. अर्ज आता तुम्ही स्वतः लिहू शकता.

आधीच कर्ज असेल तर

इथे बसलेल्यांपैकी काहींच्या डोक्यावर आधीच कर्ज असेल. त्यांनी आज घरी जाऊन एक काम करावे. एका पानावर सगळी कर्जे लिहावीत. कुणाचे, किती, वर्षाचे व्याज किती, हप्ता कधी. लिहिताना छातीत धस्स होईल. तरी लिहावे.

मग सगळ्यांत जास्त व्याजाच्या कर्जावर बोट ठेवावे. बाकीच्यांचे ठरलेले हप्ते देत राहायचे आणि हाती आलेला जास्तीचा प्रत्येक रुपया त्या एका कर्जात घालायचा. ते फिटले की त्याखालचे घ्यायचे. जुने कर्ज फेडायला त्याहून महाग नवे कर्ज काढू नये. पीक बुडाले असेल तर हप्ता चुकण्याआधीच बँकेत जाऊन सांगावे. मुदत वाढवून मिळते का ते विचारावे. तोंड लपवले तर तो मार्गही बंद होतो.

आणि ते पान घरातल्यांना दाखवावे. पुष्कळ घरांत गडी माणूस कर्ज लपवून ठेवतो. बायकोला कळते ते दारात वसुलीवाला उभा राहिल्यावर. असे करू नका. घर दोघांचे आहे, तसा हिशेबही दोघांचा. काही घरांत रात्रीच्या वर्गाला येऊन लिहायला शिकली ती बाईच आहे. मग वही तिच्याच हातात असू द्या.

कर्जापायी आपल्या कितीतरी भावांनी जीव दिला. घरे उघडी पडली. हे बोलताना आमच्याही घशात आवंढा येतो. भावांनो, कर्ज कितीही मोठे असले तरी त्यावर काही ना काही वाट निघते. गेलेला माणूस मात्र परत येत नाही. मनात तसला विचार आला तर त्याच घडीला कुणाला तरी सांगा. घरच्याला, मित्राला, गुरुजींना, आम्हाला. कुणाशी बोलावेसे वाटले नाही तर 14416 या नंबरावर फोन करा. ही सरकारची सोय आहे. पैसे पडत नाहीत आणि माणसे नीट ऐकून घेतात. हा नंबर वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवा.

आजचे काम

मंडळी, बोलणे लांबले. आता निरोप घेऊ. जाताना एवढेच सांगतो. सुप्याच्या बाजारात जमलेल्या त्या लोकांच्या हाती कागद होता, पण तो वाचायची विद्या नव्हती. आपल्याला ती मिळाली आहे. तिचा पहिला उपयोग आपल्या घरासाठी करू.

आज रात्री जेवण झाले की कंदील किंवा दिवा जवळ घ्या. वहीच्या डाव्या पानावर लिहा, 'आले'. उजव्या पानावर लिहा, 'गेले'. आजचाच दिवस लिहा. उद्या उद्याचा लिहा. शुद्धलेखन चुकले तरी चालेल, बेरीज चुकू देऊ नका. महिना झाला की आपण पुन्हा इथेच बसू. आपली वही घेऊन या. ज्याची त्याची शिल्लक ज्याने त्याने काढू. अडेल तिथे एकमेकांना मदत करू.

रामराम.